डाव्या पायाची सवय

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी एखादी मोटारसायकल असेलच. तिच्या बाजूला, पायाजवळ, एक लहानसा लोखंडी दांडा असतो. चालवणारा तो कधी पायाने खाली दाबतो, तर कधी वर उचलतो. हा गिअरचा लिव्हर. आजचा आपला धडा या लिव्हरविषयी आहे.

"एवढ्याशा लिव्हरवर धडा कशाला?" असे तुम्ही म्हणाल. काही वर्षांपूर्वी मीही असेच म्हटले असते. पण राहूड घाटात एका संध्याकाळी जे घडले, त्यानंतर मी तसे म्हणत नाही. ती हकिगत पुढे येईल. आधी एक सोपा प्रश्न विचारतो.

तुम्ही पहिल्यांदा मराठीचे पुस्तक हातात घेतले, तो दिवस आठवतो का? तुमच्यापैकी अनेकांनी ते उलट्या बाजूने उघडले असेल. आपले उर्दूचे पुस्तक उजवीकडून सुरू होते, मराठीचे डावीकडून. डोक्याला हे माहीत असते, पण हात मात्र जुन्या सवयीने चालतो. पुस्तक उलटे उघडले तर काही बिघडत नाही. आपण हसतो आणि पुस्तक फिरवून घेतो. चालत्या मोटारसायकलवर पायाने हीच चूक केली, तर ती दुरुस्त करायला इतका वेळ मिळत नाही.

आता आमच्या घराविषयी सांगतो. आम्ही मालेगावला राहतो. आमच्या अंगणात तीन मोटारसायकली उभ्या असतात. तिघींचे गिअर तीन तऱ्हांचे आहेत.

सर्वांत जुनी गाडी अब्बांची बुलेट. ती आता क्वचितच रस्त्यावर निघते, पण अब्बा तिला दर रविवारी पुसतात. तिचा गिअर उजव्या पायाखाली आहे आणि मागचा ब्रेक डाव्या पायाखाली. पहिला गिअर टाकायला लिव्हर वर उचलावा लागतो. दुसरा, तिसरा आणि चौथा गिअर खाली दाबून पडतो. त्या लिव्हरजवळ आणखी एक छोटा लिव्हर आहे. सिग्नलला गाडी थांबली की अब्बा तो टाचेने दाबत आणि गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमधून थेट न्यूट्रल होत असे. न्यूट्रल म्हणजे इंजिन चालू आहे, पण चाकाशी त्याचा संबंध तुटलेला आहे, अशी स्थिती. लहानपणी मला तो छोटा लिव्हर म्हणजे एक जादूच वाटे.

दुसरी गाडी माझी. नोकरी लागल्यावर मी एक जुनी स्प्लेंडर विकत घेतली. तिचा गिअर डाव्या पायाखाली आहे. लिव्हरला पुढे आणि मागे अशा दोन पट्ट्या आहेत. पुढची पट्टी चवड्याने दाबली की वरचा गिअर पडतो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे दाबूनच. मागची पट्टी टाचेने दाबली की गिअर एकेक करून कमी होतो आणि शेवटी न्यूट्रल येतो. उचलायचे काम नाही. पायात चप्पल असली तरी अंगठा दुखत नाही आणि बुटावर काळा डागही पडत नाही.

तिसरी गाडी माझ्या धाकट्या भावाची. ती नवी आहे, तिला पाच गिअर आहेत. तिचा लिव्हरही डाव्या पायाजवळच आहे, पण मागची पट्टी नाही. पहिला गिअर खाली दाबून पडतो. नंतरचे चारही गिअर बोटांनी वर उचलून टाकावे लागतात. न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये आहे. आजच्या बहुतेक पाच-सहा गिअरच्या गाड्यांची रचना अशीच असते. हिला 'एक खाली, बाकी वर' असे म्हणतात. तीच आज नेहमीची किंवा प्रमाण पद्धत मानली जाते.

म्हणजे पाहा, माझ्या गाडीवर 'दाबणे' याचा अर्थ गिअर वाढवणे. भावाच्या गाडीवर 'दाबणे' याचा अर्थ गिअर कमी करणे. कृती एकच, अर्थ उलटा.

आता घाटाची हकिगत ऐका.

एकदा माझ्या गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले होते आणि मला कामासाठी चांदवडला जायचे होते. मी भावाची गाडी घेतली. निघताना तो म्हणाला, "भाईजान, हिचे गिअर वेगळे आहेत, लक्षात ठेवा." मी म्हणालो, "अरे, मी पंधरा वर्षे गाडी चालवतो आहे." जाताना काही झाले नाही. प्रत्येक गिअर मी मनात बोलून टाकत होतो.

परत येताना दिवस मावळला होता. चांदवडहून मालेगावकडे येताना राहूड घाटात उतार लागतो. माझ्या पुढे मालाने भरलेला एक ट्रक होता. वळणावर त्याने वेग अगदी कमी केला. अशा वेळी चालवणारा गिअर कमी करतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. मीही तेच करायला गेलो. माझा पाय मागची पट्टी शोधू लागला. ती नव्हतीच. मग पायाने स्वतःच ठरवले आणि लिव्हर बोटांनी वर उचलला. माझ्या गाडीवर असे उचलले असते, तर गिअर कमी झाला असता. या गाडीवर तो वाढला. इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. गाडी धरली जाण्याऐवजी मोकळी सुटल्यासारखी उतारावरून पुढे धावली. मी घाबरून दोन्ही ब्रेक जोरात दाबले. मागचे चाक घसरले, गाडी तिरपी झाली आणि ट्रकच्या मागच्या फळीपासून दोन-तीन हातांवर थांबली. मागून दुसरे वाहन येत नव्हते, म्हणून मी आज हा धडा लिहितो आहे.

घरी आल्यावर मी कोणाला काही सांगितले नाही. पण गाडीचा मागचा टायर पाहून भावाला सगळे समजले. तो काही बोलला नाही. हे मला त्याच्या रागापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मोहल्ल्यातील मिस्त्री चाचांकडे गेलो. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. एकाच कामासाठी दोन उलट्या पद्धती कोणी आणि का केल्या?

मिस्त्री चाचांच्या टेबलावर एक उघडलेले इंजिन पडले होते. त्यातून त्यांनी एक दंडगोल बाहेर काढला. तो आपल्या मनगटाएवढा जाड असेल. त्याच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या होत्या.

"याला शिफ्ट ड्रम म्हणतात," ते म्हणाले. "या खाचांमध्ये फोर्क म्हणजे चिमट्यासारखे काटे अडकलेले असतात. ड्रम थोडा फिरला की खाच काट्याला डावीकडे किंवा उजवीकडे सरकवते. काटा गिअरचे चाक सरकवतो. झाला गिअर. पायाने तुम्ही गिअर बदलत नाही, मास्तर. तुम्ही फक्त हा ड्रम एक घर पुढे किंवा एक घर मागे फिरवता."

म्हणूनच मोटारसायकलचे गिअर क्रमानेच पडतात. मोटारीत चौथ्यावरून थेट दुसरा गिअर टाकता येतो. मोटारसायकलमध्ये मधले घर चुकवता येत नाही. ड्रमच्या टोकाला चांदणीच्या आकाराची एक चकती असते. तिच्या प्रत्येक खोबणीत एक लहान रूळ येऊन बसतो, म्हणून पायाला 'खट्' असे जाणवते. न्यूट्रलची खोबणी मात्र उथळ असते. 'एक खाली, बाकी वर' या पद्धतीत ती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असते. लिव्हर पूर्ण उचलला तर ती ओलांडून दुसरा गिअर पडतो. अर्धाच उचलला तर न्यूट्रल मिळतो. नवशिके सिग्नलवर न्यूट्रल शोधत बसतात, ते याचमुळे.

मी विचारले, "मग न्यूट्रल मध्ये ठेवायचाच कशाला? माझ्या गाडीसारखा शेवटी ठेवला तर किती सोपे!"

मिस्त्री चाचा हसले. "सोपे आहे, गावात. घाटात सोपे नाही. तुमच्या गाडीवर तुम्ही उतारावर गिअर कमी करत गेलात आणि एक टाच जास्त मारली, तर पहिल्याच्याही पुढे न्यूट्रल येतो. इंजिनाची पकड गेली, गाडी सुटली. भावाच्या गाडीवर कितीही वेळा दाबा, शेवटी पहिलाच गिअर मिळेल. त्याच्या खाली काही नाही."

हे उत्तर मला पटले. गर्दीच्या रस्त्यावर, घडीघडी थांबणाऱ्या माणसाला न्यूट्रल टोकाला असलेला बरा. उतारावर आणि वेगात चालणाऱ्याला तो मध्ये असलेला बरा. दोन्ही रचना विचार करूनच केलेल्या आहेत. ज्याचे काम जसे, तशी त्याची गाडी.

पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण जपानमध्ये सापडते. होंडा कंपनीने १९५८ मध्ये सुपर कब नावाची छोटी गाडी काढली. तिला हाताचा क्लच नव्हता. पायाने लिव्हर दाबला की क्लच आपोआप सुटत असे आणि गिअर पडत असे. त्यामुळे डावा हात मोकळा राहायचा. जेवणाचे ताट एका हातावर तोलून घरोघर पोहोचवणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता यावी, असा विचार त्यामागे होता. तिचे गिअर पुढची पट्टी दाबून वाढत आणि मागची दाबून कमी होत. २०१७ पर्यंत या जातीच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. तुमच्या गल्लीत दूधवाला किंवा पाववाला जी 'सगळे गिअर खाली' असलेली गाडी चालवतो, ती याच विचाराची नातेवाईक आहे.

उजव्या पायाची गोष्ट इंग्लंडहून आली. तिथल्या जुन्या मोटारसायकलींचा गिअर उजव्या बाजूला असे. पण त्यांच्यातही एकमत नव्हते. ट्रायम्फ गाडीचा पहिला गिअर खाली असे, नॉर्टनचा वर. बुलेटही मूळची इंग्लंडचीच. १९५५ पासून ती मद्रासमध्ये तयार होऊ लागली आणि उजवा गिअर, पहिला वर, ही तिची चाल पुढे कित्येक वर्षे टिकली. आजच्या नव्या बुलेटचा गिअर डावीकडे आहे आणि पहिला गिअर खाली पडतो. अब्बांना नवी बुलेट आवडत नाही, त्याचे निम्मे कारण हेच असावे.

हा गोंधळ प्रथम अमेरिकेच्या सरकारला खटकला. तिथे एकाच बाजारात इंग्लंडच्या, जपानच्या आणि अमेरिकेच्या गाड्या विकल्या जात होत्या. एका गाडीवर जिथे ब्रेक, तिथेच दुसरीवर गिअर! थांबायच्या वेळी माणसाने गिअर दाबला, तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून सप्टेंबर १९७४ पासून तिथे नियम लागू झाला. गिअर डाव्या पायाला, मागचा ब्रेक उजव्या पायाला. लिव्हर उचलला की वरचा गिअर आणि दाबला की खालचा गिअर पडला पाहिजे, असेही त्या नियमात लिहिले होते. ट्रायम्फसारख्या कंपनीलाही मग आपला गिअर उजवीकडून डावीकडे न्यावा लागला. अमेरिकेचा बाजार मोठा होता, म्हणून ही पद्धत जगभर पसरली.

इथे धडा संपला असता. पण भावाच्या मनात वेगळेच काही चालले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही जागतिक शर्यत भारतात पहिल्यांदा झाली. भावाने ती मोबाइलवर पाहिली होती. तेव्हापासून त्याच्या एका मित्राने त्याच्या डोक्यात भरवले की शर्यतीच्या गाड्यांचे गिअर उलटे असतात. पहिला वर आणि बाकी सगळे खाली. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "भाईजान, मी माझ्या गाडीचे गिअर उलटे करून घेतो. तुमचीही सोय होईल. तुमच्या गाडीवर दाबले की वाढतो, माझ्याही गाडीवर दाबले की वाढेल. अब्बांच्या बुलेटचेही तसेच आहे. घरात सगळ्यांचे एक होईल."

खरे सांगतो, त्याचे म्हणणे मला चटकन खोडता आले नाही. घाटात मी जी चूक केली, ती त्या दिवशी गाडीचे गिअर उलटे असते तर झालीच नसती. आम्ही दोघे पुन्हा मिस्त्री चाचांकडे गेलो.

त्यांनी आधी आम्हांला शर्यतीतील कारण समजावले. स्पर्धक वळणावर गाडी इतकी झुकवतात की ती साठ अंशांपेक्षाही जास्त कलते. गुडघा आणि कोपरही जमिनीला घासतो. डाव्या वळणावर डावी बाजू जमिनीकडे असते. गिअर त्याच बाजूला. लिव्हर उचलायचा तर पायाची बोटे त्याच्या खाली घालावी लागतात आणि तिथे तर रस्ता आलेला असतो. जागाच नसते. लिव्हर वरून दाबणे मात्र जमते. वळणातून बाहेर पडताना वेग वाढवायचा असतो, म्हणजे गिअर वाढवायचा असतो. म्हणून त्यांनी 'वाढवणे' हे काम 'दाबणे' याला दिले. गिअर कमी करायचे काम बहुधा वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना होते. तेव्हा लिव्हर उचलायला जागा असते. शिवाय उचलण्यापेक्षा दाबणे जलद होते आणि शर्यतीत निमिषाचाही हिशेब असतो. तरीसुद्धा सगळेच स्पर्धक असे करतात, असे नाही. काहींनी आपली जुनी सवयच ठेवली.

"आता सांग, बेटा," मिस्त्री चाचा म्हणाले, "मोसम पुलावर तू किती अंश झुकतोस?"

भाऊ लाजला, पण मागे हटला नाही. "एकदा करून तर पाहू," तो म्हणाला.

काम दहा मिनिटांचे होते. त्याच्या गाडीचा लिव्हर इंजिनाच्या दांड्यावर थेट बसवलेला नाही. मध्ये एक सळई आहे आणि सळईच्या टोकाला एक छोटा हात आहे. तो हात दांड्यावरच्या दात्यांवर बसतो. मिस्त्री चाचांनी तो हात काढला आणि खालच्या बाजूऐवजी वरच्या बाजूला तोंड करून बसवला. झाले! आता लिव्हर खाली गेला की ड्रम पूर्वीच्या उलट फिरू लागला. ज्या गाड्यांचा लिव्हर थेट दांड्यावर असतो, त्यांचे असे करता येत नाही. तिथे जास्तीचे भाग जोडावे लागतात.

शुक्रवार होता. आमच्या उर्दू शाळेला सुट्टी होती आणि शाळेचे मैदान रिकामे होते. भावाने डोक्यावर हेल्मेट घातले आणि फेऱ्या मारायला सुरुवात केली. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत तो अडखळला. नंतर जमू लागले. अर्ध्या तासाने तर तो अगदी सफाईने गिअर बदलू लागला आणि माझ्याकडे पाहून हसू लागला. मला वाटले, चला, हा जिंकला.

तेवढ्यात भिंतीजवळून एक बकरी धावत मैदानात आली. तिच्यामागे दोन मुले होती. भावाची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. त्याने क्लच आणि ब्रेक दाबले आणि गिअर कमी करण्यासाठी पाय खाली मारला. जुन्या सवयीने! गिअर कमी होण्याऐवजी चौथा पडला. क्लच सोडताच गाडी थरथरली, दोन आचके देऊन बंद पडली. बकरी निघून गेली. मुले हसली. भाऊ मात्र हसला नाही. तो गाडीवर तसाच बसून राहिला.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. तो गिअर शिकला नव्हता, असे नाही. अर्धा तास त्याने एकही चूक केली नव्हती. शांत असताना आपण डोक्याने चालवतो. अचानक संकट आले की डोके बाजूला राहते आणि अंगात मुरलेली सवय पुढे येते. भावाच्या पायात सहा वर्षांची सवय होती. अर्ध्या तासाची सवय तिच्यापुढे कशी टिकणार? मी घाटात जे केले, तेच त्याने मैदानात केले. फरक एवढाच की माझ्यापुढे ट्रक होता आणि त्याच्यापुढे बकरी.

मग सरावाने नवी सवय लागत नाही का? लागते. काही आठवडे रोज तीच एक गाडी चालवली, तर पाय नवे वळण घेतो. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, जो दुसरी चालवत नाही आणि आपली दुसऱ्याला देत नाही, त्याने गिअर उलटे केले तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. आठवडे-दोन आठवडे रिकाम्या मैदानावर सराव करावा आणि मगच रस्त्यावर यावे, एवढे सांगेन.

पण मिस्त्री चाचांनी भावाला एकच प्रश्न विचारला. "दिवसभर तू कोणती गाडी चालवतोस?"

भाऊ एका औषधांच्या दुकानात कामाला आहे. तो दिवसभर दुकानाच्या गाडीवर औषधे पोहोचवतो. ती गाडी 'एक खाली, बाकी वर' अशी आहे. म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एक पद्धत आणि घरी येताना तिच्या बरोबर उलटी पद्धत! घरातील तीन गाड्या एकसारख्या करण्याच्या नादात त्याने स्वतःच्या दिवसाचे दोन तुकडे केले असते. आणि तो दमून परत येतो, तेव्हा रस्त्यावर अंधार असतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गाडी आपली असली तरी तिची चावी आपल्याकडेच राहत नाही. कधी मित्र मागतो, कधी चुलतभाऊ नेतो, कधी गॅरेजमधला पोऱ्या एक चक्कर मारून पाहतो. गिअर उलटे केले आहेत, हे गाडीच्या अंगावर कुठेच दिसत नाही. नवख्या माणसाला ते समजते, तेव्हा तो रस्त्याच्या मध्ये असतो. वेगात असताना गिअर वाढवायला गेला आणि तो कमी झाला, तर मागचे चाक एकदम अडते आणि गाडी आडवी होऊ शकते.

भावाने त्याच संध्याकाळी तो छोटा हात पुन्हा होता तसा बसवून घेतला. मिस्त्री चाचांनी दोन्ही कामांचे मिळून पन्नास रुपये घेतले आणि वर चहा पाजला.

माझे काय, असे तुम्ही विचाराल. मी स्प्लेंडर बदलली नाही. तिच्या पद्धतीची माझ्या पायाला सवय आहे आणि माझे जाणेयेणे शाळा, बाजार, मशीद आणि घर एवढेच आहे. भावाची गाडी घ्यायची वेळ आलीच, तर मी आधी अंगणात इंजिन बंद ठेवून तिच्यावर बसतो. गाडी जराशी मागेपुढे ढकलत पायाने सर्व गिअर टाकून पाहतो, पुन्हा पहिल्यापर्यंत खाली येतो आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा शोधतो. अब्बा ओट्यावरून हे पाहतात आणि म्हणतात, "मास्तर उजळणी करताहेत." घाटाच्या बाजूला जायचे असले, तर मी बसने जातो.

तुमच्यापैकी कोणाचेही वय अजून अठरा वर्षे पूर्ण नाही. तोपर्यंत गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळत नाही. पण पाहायला परवाना लागत नाही. उद्या एखादी गाडी सिग्नलला थांबली, तर चालवणाऱ्याच्या डाव्या पायाकडे पाहा. तो टाच मारतो की बोटे उचलतो? त्यावरून त्या गाडीचा न्यूट्रल कुठे असेल, ते ओळखून पाहा. टाचेची पट्टी 'एक खाली, बाकी वर' असलेल्या काही गाड्यांनाही असते, तेव्हा नुसती पट्टी पाहून घाई करू नका. किती वेळा पाय हलला, तेही मोजा.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या घरातील कोणत्या गाडीचा गिअर उजव्या पायाखाली होता?
(आ) शिफ्ट ड्रमवरच्या खाचांमध्ये काय अडकलेले असते?
(इ) सुपर कब चालवताना डावा हात मोकळा का राहत असे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) राहूड घाटात लेखकाच्या हातून गिअर कमी होण्याऐवजी वाढला.
(आ) शर्यतीत डाव्या वळणावर लिव्हर उचलणे कठीण जाते.
(इ) मैदानात भावाची गाडी बंद पडली.

प्र. ३. "न्यूट्रल टोकाला असावा की मध्ये?" तुमच्या वडिलांना, भावाला किंवा ओळखीच्या मिस्त्रींना विचारा आणि त्यांचे मत आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.

प्र. ४. हात किंवा पाय जुन्या सवयीने चालल्यामुळे तुमची फजिती झाली असेल, तर तो प्रसंग वर्गात सांगा.

प्र. ५. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द धड्यातून शोधा : चढ, उजवा, सरळ, उचलणे, कठीण.